शेजारणीने दिलेल्या कादंबरीनंतर काय वाचावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही फोंड्याच्या निवृत्त शिक्षिका, घरी बायकांचं वाचन मंडळ चालवता. शेजारच्या कॅथलिक बाईंनी तुम्हाला जेनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' वाचायला दिली. ती तुम्हाला मनापासून आवडली. मंडळात तुम्ही तिच्याविषयी बोललात, तेव्हा एका सभासदाने विचारलं, "हा धर्मप्रचारच नव्हे का?" आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: अशा आणखी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, मंडळात त्या कशा सुचवाव्यात, आणि त्या सभासदाला काय सांगावं.

मी गोव्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली. इंग्रजी कादंबऱ्यांची कपाटं माझ्याकडे होती आणि त्यातला ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांचा खण मी स्वतः वाचून, निवडून भरत गेले. हा प्रकार मला मनापासून आवडतो. पुष्कळ शिकल्यासवरल्या बायका ही पुस्तकं नेताना वर एखादा जाडजूड ग्रंथ ठेवतात, म्हणजे खालचं कोणाला दिसू नये. त्याचं मला नेहमी वाईट वाटत आलंय. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढायला हवा. पात्रं रविवारी चर्चला जातात म्हणून प्रेमकथा ख्रिस्ती होत नाही. या कादंबऱ्यांत शरीरसंबंधाची वर्णनं नसतात, शिवीगाळ नसते, शेवट सुखाचा असतो, पण हे सगळं बाहेरचं कुंपण झालं. आतलं काम वेगळंच असतं. नायक आणि नायिका यांच्या जोडीला तिथे तिसरा देव असतो. दोघांपैकी एकाचं, पुष्कळदा दोघांचंही, त्याच्याशी काहीतरी बिनसलेलं असतं. कोणाला तो ठाऊकच नसतो, कोणी त्याच्यावर रुसलेलं असतं, कोणाला आपण त्याच्यापुढे उभं राहायच्या लायकीचे नाही असं वाटत असतं. हे सुटल्याशिवाय लग्नाची गाठ बसत नाही.

म्हणून पुस्तक पारखायची माझी रीत साधी आहे. त्यातल्या सगळ्या प्रार्थना, बायबलची वचनं, चर्चचे प्रसंग मनातल्या मनात काढून टाकायचे. गोष्ट तरीही जशीच्या तशी चालली, तर श्रद्धा वरून चिकटवलेली आहे असं समजायचं. गोष्ट ढासळली, तर पुस्तक खणखणीत.

तुम्ही वाचलेल्या पुस्तकालाच ही कसोटी लावून बघा. 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली बेथनी हाउसने काढली. आजचा ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्यांचा बाजार या पुस्तकापासून उभा राहिला असं मानतात. मार्टी एकोणीस वर्षांची, गरोदर. पश्चिमेकडे जाताना वाटेतच नवरा जातो. त्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस नावाचा विधुर तिला लग्नाचं विचारतो. त्याच्या लहान मुलीला आई हवी असते. लग्न नावापुरतं, आणि वसंतात परत जायचं झालं तर भाडं मी देईन, असा त्याचा शब्द. मार्टीला स्वयंपाक येत नाही, म्हणून वेळ कुठलीही असो, ताटात पॅनकेकच. क्लार्क मुकाट्याने खातो. जेवणाआधी डोळे मिटून बोलू लागतो, तेव्हा हा बोलतोय कोणाशी, हेच तिला कळत नाही.

आता यातून देव काढा. उरतो एक हिशेबी माणूस, ज्याला फुकटात दाई मिळाली. त्याचा संयम, दिलेला शब्द पाळणं, तिला घाई न करणं, हे सगळं ज्या खांबावर उभं आहे तोच निघून जातो. मार्टीला तो हळूहळू आवडत जातो ते, हा माणूस असा का आहे, याचा शोध घेता घेता. तिचं नवऱ्यावरचं प्रेम आणि तिची श्रद्धा एकाच वाटेने वाढतात. तुम्हाला पुस्तक का भिडलं त्याचं उत्तर माझ्या मते हेच आहे. शैली तर अगदी बेताची आहे.

आता तुमच्या सभासदाचं म्हणणं. त्यांचा प्रश्न हलक्यात घेऊ नका, फोंड्यात तर मुळीच नको. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळामुळे आपल्या किती कुळांनी देव पाठीवर घेऊन जुवारी नदी ओलांडली, हे तुमच्या गावाला विसरायला सांगणारी मी कोण? तेव्हा त्यांना खरं तेच सांगा. या कादंबऱ्या श्रद्धावंतांनी, मुख्यतः श्रद्धावंतांसाठी लिहिल्या आहेत. वाचणारा ख्रिस्ताकडे वळावा अशी पुष्कळ लेखिकांची इच्छाही असते, आणि त्या ती लपवत नाहीत. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (६:१४) विश्वास ठेवणाऱ्याने न ठेवणाऱ्याशी विजोड जोडी जुळवू नये असं वचन आहे. त्यामुळे नायक किंवा नायिका अश्रद्ध असेल, तर शेवटपर्यंत ती व्यक्ती विश्वासात आलेली दिसते. हा या प्रकाराचा अलिखित नियमच आहे.

पण याच नियमावर चांगलं पुस्तक आणि प्रचारपुस्तिका वेगळी ओळखता येते. श्रद्धेची किंमत कोण मोजतंय, ते बघायचं. समोरच्याने धर्म स्वीकारला की बक्षीस म्हणून लग्न, असं असेल तर पुस्तक खुशाल परत करा. फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या 'अ व्हॉइस इन द विंड' (१९९३) मध्ये काय होतं पाहा. हदास्सा ही यहुदी घरातली ख्रिस्ती मुलगी. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेम पडलं तेव्हा गुलाम म्हणून विकली जाऊन रोममधल्या एका श्रीमंत घरात येते. त्या घराचा मुलगा मार्कस तिच्यावर जीव टाकतो, तिचाही त्याच्यावर जीव जडतो, आणि तरी ती नाही म्हणते. नकार देणारी गुलाम आहे आणि विचारणारा मालक. त्या एका 'नाही'चं मोल ती स्वतः चुकवते, त्याच्याकडून वसूल करत नाही. रोमच्या सत्तेपुढे एका मुलीने आपला देव न सोडणं, ही गोष्ट अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, वाचकाला समजायला कठीण जाऊ नये.

शिवाय गोव्यातल्या मराठी वाचकाला ख्रिस्ती कथा नवी नाहीच. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीत, रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत, मधूनमधून कोंकणी शब्दांसह. इतकंच काय, पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती 'यमुनापर्यटन' (१८५७) लिहिली बाबा पद्मनजींनी, म्हणजे बेळगावात जन्मून ख्रिस्ती झालेल्या लेखकाने. यमुना नवऱ्यासोबत प्रवास करते, जागोजागी विधवांचे हाल बघते, मग तिचाच नवरा जातो. पुढे ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे मराठी कादंबरीची सुरुवातच या प्रकाराच्या अगदी उंबऱ्याशी झाली. पण माझी कसोटी तिलाही लावा. तिच्यात विधवांच्या दुःखाची पानं आजही अंगावर येतात. शेवटचं धर्मांतर आणि लग्न मात्र लेखकाने आधीच ठरवलेलं उत्तर वाटतं, यमुनेच्या मनातून उगवलेलं वाटत नाही. मंडळात ती जरूर घ्या, इतिहास म्हणून. प्रेमकथा म्हणून तिच्याकडे जाल तर निराश व्हाल.

प्रेम आणि श्रद्धा यांची ओढाताण मराठीत अनुभवायची असेल तर माझं पहिलं नाव 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, याची मला कल्पना आहे. पण मंडळात इंग्रजी न वाचणाऱ्या बायका असणारच, आणि त्यांच्यासाठी याहून चांगलं दार मला माहीत नाही. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई दूर राहिल्या, नातलगांच्या घरी, मूल पदरात. मग नवऱ्याकडे आल्या त्या आपलं सोवळं घेऊनच, आणि बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. या मधल्या वर्षांत कोणी कोणाला ओढत नाही, दोघंही आपापल्या जागी तुटत असतात. आणि एवढ्या दुःखावरही लक्ष्मीबाई वाचणाऱ्याला हसवतात! ज्यांना धर्मप्रचाराची धास्ती वाटते त्यांच्या हाती आधी हे पुस्तक द्या, इंग्रजी कादंबऱ्यांचं नंतर बघू.

आता ज्या पुस्तकाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं त्याकडे येते. फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह'. लेखिका आधी नेहमीच्या प्रेमकादंबऱ्या लिहायच्या. १९८६ मध्ये त्या श्रद्धेकडे वळल्या आणि मग हे पुस्तक आलं, १९९१ मध्ये. ख्रिस्ती प्रकाशनाने १९९७ साली सुधारून काढलेली आवृत्ती आज सगळीकडे मिळते. सिनेमा २०२२ मध्ये झाला. शेजारीण पुढचं पुस्तक म्हणून हेच हातात ठेवेल अशी दाट शक्यता आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

मूळ गोष्ट बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची. देव त्याला सांगतो, जी तुझ्याशी एकनिष्ठ राहणार नाही अशा बाईशी लग्न कर. तो गोमरशी लग्न करतो. ती जाते. तिसऱ्या अध्यायात देव पुन्हा सांगतो, जा, तिच्यावर प्रीती कर. आणि होशेय १५ शेकेल चांदी आणि दीड होमर जव मोजून तिला परत विकत घेतो. जव! नुसती चांदी पुरली नाही, घरातलं धान्य मापून द्यावं लागलं, असंच मला ते वाचताना नेहमी वाटतं. रिव्हर्स यांनी ही गोष्ट १८५०च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या खाणींच्या धामधुमीत नेली. एंजल लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली. मायकेल होशेया नावाचा शेतकरी तिच्याशी लग्न करतो, ती पळून जाते, तो आणतो, ती पुन्हा जाते.

आमच्याकडे या पुस्तकावर चर्चा झाली की खोलीत हमखास दोन तट पडायचे. एक तट म्हणायचा, असं प्रेम कोणी केलं नाही आपल्यावर. दुसरा म्हणायचा, बाई नको म्हणतेय तरी हा मागे का लागतो? दोन्ही तटांचं बरोबर आहे, आणि त्याचं कारण पुस्तकाच्या रचनेतच आहे. मायकेल एकाच वेळी दोन भूमिका करतो. नवरा म्हणून तो माणूस आहे, होशेय म्हणून तो देवाच्या प्रेमाचं रूप आहे. देवाने भक्ताचा पिच्छा सोडू नये हे आपल्याला मान्य असतं. जनीबरोबर दळायला बसणारा विठोबा आपण लहानपणापासून ऐकला आहे. पण नवऱ्याने तसंच केलं तर ते प्रेम की जबरदस्ती, हे विचारायलाच हवं. चांगली गोष्ट अशी की लेखिकेलाही हे दिसलेलं आहे. शेवटच्या भागात एंजल त्याच्यापासून दूर, स्वतःच्या पायांवर उभी राहते. देवाशी तिचं नातं मायकेलच्या मध्यस्थीशिवाय जुळतं, आणि त्यानंतरच बाकीचं. तो भाग नसता तर मी हे पुस्तक कोणाला दिलं नसतं.

लहान मुलीवरचे अत्याचार त्यात आहेत. वर्णनं संयत आहेत, पण विषय संयत नाही. मुखपृष्ठावर सुंदर बाई आणि वर 'ख्रिस्ती' शब्द बघून आया ते दहावीतल्या मुलींना देतात. ते करू नका. ज्या बाईने स्वतः काही सोसलंय, तिलाही आधी विषय सांगून मगच द्या, आणि नको म्हणाली तर आग्रह करू नका.

तुमच्यासाठी, म्हणजे शिक्षिका म्हणून, माझ्या मनात पहिल्यापासून एकच पुस्तक आहे: कॅथरीन मार्शल यांची 'ख्रिस्टी' (१९६७). अमेरिकेतल्या ख्रिस्ती कादंबऱ्यांना २००० सालापासून जो पुरस्कार मिळतो, त्याचं नाव हिच्यावरूनच पडलं. १९१२ साल, टेनेसीचे डोंगर. एकोणीस वर्षांची शहरी मुलगी मिशनच्या एकखोली शाळेत शिकवायला येते. लेखिकेने आपल्या आईच्या अनुभवांवरून ती रचली. पोरांना अंघोळ नाही, घराघरांत वैर, वर विषमज्वराची साथ. एकीकडे तरुण पाद्री, दुसरीकडे देवावर विश्वास नसलेला डॉक्टर. कोण तिला मिळतो ते सांगत नाही. पण तिची श्रद्धा ही वर्गातल्या कामातून, हरण्यातून घडत जाते आणि कसोटीला शंभर टक्के उतरते. खेड्यातल्या शाळेत पहिली नेमणूक झालेल्या कोणत्याही बाईला त्यातली पानं ओळखीची वाटतील. थोडी जाड आहे, पावसाळ्यात घ्या.

वय झालेल्या सभासदांसाठी जॅन कॅरन यांची 'ॲट होम इन मिटफर्ड' (१९९४). छोटं गाव, साठीच्या घरातला पाद्री फादर टिम, शेजारी राहायला आलेली सिंथिया, आणि बायबलचं वचन ऐकलं की शांत होणारा एक भलाथोरला कुत्रा. घडत फार काही नाही, आणि तेच तिचं सुख. आपल्याकडच्या कॅथलिक वाचक मात्र हमखास अडखळतात, 'पाद्री लग्नाचा विचार करतो?' त्यांना आधीच सांगावं की तो एपिस्कोपल या प्रॉटेस्टंट पंथाचा आहे, तिथे पाद्र्यांना लग्नाची मोकळीक असते.

याच ओघात एक महत्त्वाचं. या जवळजवळ सगळ्या कादंबऱ्या अमेरिकन प्रॉटेस्टंट घरांतल्या आहेत. त्यांत सायबीण म्हणजे मारियामाता नाही, तेर्स म्हणजे माळेची प्रार्थना नाही, नऊ दिवसांची नोव्हेना नाही, संतांची फेस्तं म्हणजे सण नाहीत. माणूस एकटा बायबल उघडतो आणि थेट देवाशी बोलतो. गोव्यातली कॅथलिक बाई हे वाचून म्हणते, आमचं असं नसतं. तेव्हा 'ख्रिस्ती पुस्तक आहे, तुला आवडेल' असं तुमच्या शेजारणीच्या मैत्रिणींना परस्पर सांगू नका. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक कॅथलिक बायकांना खून आणि तपासच हवा असायचा, आणि या कपाटाच्या सर्वांत निष्ठावान वाचकांत हिंदू बायकाही होत्या. धर्म बघून पुस्तक देणं ही ग्रंथपालाने टाळायची पहिली गोष्ट.

गोव्याच्या ख्रिस्ती जीवनातली लग्नं वाचायची असतील तर फ्रान्सिस्को जुआंव द कॉश्ता यांची पोर्तुगीज 'जेकब इ दुल्स' (१८९६) इंग्रजी भाषांतरात मिळते. मडगावच्या समाजातली सोयरीक आणि हुंडा हा तिचा विषय. ती उपरोधिक आहे, भक्तीची नव्हे, पण आपल्या मातीतली आहे. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत तर 'रोमांस' म्हणून लोकांनी वेड्यासारख्या वाचलेल्या कादंबऱ्यांची परंपराच होती. रेजिनाल्ड फर्नांडिस यांनी त्या ढिगाने लिहिल्या. शेजारच्या बाईंच्या घरी माळ्यावर एखादी असेलही, विचारा.

आमिश कादंबऱ्यांविषयी तुम्ही विचारलं नाही, पण दुकानात टोपी घातलेली मुलगी आणि घोडागाडी अशी मुखपृष्ठं दिसतीलच. आमिश हे मोटार, घरातली वीज यांपासून लांब राहणारे लोक. मुलं मोठी झाल्यावर स्वतः ठरवून बाप्तिस्मा घेतात, आणि एकदा घेतल्यावर समाजाचे नियम मोडले तर समाज वाळीत टाकतो. बेव्हर्ली लुइस यांच्या 'द शनिंग' (१९९७) या पुस्तकाने ही लाट आणली. केटी लॅपचं लग्न तोंडावर आलेलं असतं, आणि माळ्यावर तिला बाळाचा एक तलम साटिनचा झगा सापडतो. साध्या जाड्याभरड्या कपड्यांच्या घरात साटिन आलं कुठून? सगळी गोष्ट त्या झग्यातून उलगडते. वाळीत टाकणं म्हणजे काय हे आपल्या गावांनी बघितलेलं आहे, त्यामुळे मंडळात चर्चा रंगेल. पुढे मात्र या प्रकारात एकासारखं एक पुस्तक निघत गेलं, आणि लिहिणाऱ्या बहुतेक जणी स्वतः आमिश नाहीत. एक-दोन वाचून थांबलात तरी चालेल.

हार्लेक्विनने १९९७ मध्ये सुरू केलेली 'लव्ह इन्स्पायर्ड' ही बारीक पुस्तकांची मालिका जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडते. प्रवासाला उत्तम, सगळ्यांत श्रद्धा तितकी मुरलेली नसते. रहस्य आवडणाऱ्यांसाठी त्यांचीच 'सस्पेन्स' शाखा आहे.

बायबलमधल्या बायकांवर रचलेल्या कादंबऱ्या मात्र सोडू नका. टेसा अफशार यांची 'पर्ल इन द सँड' (२०१०) राहाबवर आहे, यरीहोच्या तटात राहणारी, बदनाम ठरलेली बाई. लिझ कर्टिस हिग्ज यांनी 'थॉर्न इन माय हार्ट' (२००३) मध्ये याकोब, लेआ आणि राहेल यांची गोष्ट १८व्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये नेली. दोन बहिणी, एक नवरा, आणि बापाने केलेली अदलाबदल. थोरल्या बहिणीची बाजू इतकी जवळून मी दुसरीकडे वाचली नाही. ही पुस्तकं देण्याआधी मूळ कथा सांगावी लागते. मराठीत त्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' सगळ्यात सोपं.

एक सावधगिरीही सांगायला हवी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गोष्टींत वसाहत करणारे भले, कष्टाळू दिसतात, आणि ज्यांची ती जमीन होती ते मूळ रहिवासी बहुधा दिसतच नाहीत किंवा भीतीसारखे येतात. २०२१ मध्ये तिथल्या प्रेमकथालेखकांच्या संघटनेने या विभागातल्या एका कादंबरीला दिलेला पुरस्कार मागे घेतला. मूळ रहिवाशांच्या कत्तलीत भाग घेतलेला नायक पश्चात्ताप करून सुटतो, आणि मेलेल्यांचं काय, असा आक्षेप आला होता. 'लव्ह कम्स सॉफ्टली' पुन्हा वाचलीत तर हे डोळ्यांसमोर ठेवा. पुस्तकावरचं प्रेम त्याने कमी होत नाही, नजर वाढते.

सुचवण्याचं म्हणाल तर मी कधी 'कोणता लेखक आवडतो' असं विचारत नसे. 'अर्ध्यावर टाकलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, आणि का टाकलं?' असं विचारायची. उत्तरातून माणूस कळतो. 'फारच उपदेश होता' म्हणणारीला 'ख्रिस्टी'. 'शेवटी सगळे मेले' म्हणणारीला मिटफर्ड. 'इंग्रजी जड गेलं' म्हणणारीला ग्रेस लिव्हिंगस्टन हिल यांची 'द एन्चांटेड बार्न' (१९१८). आजारी आई, पाठची भावंडं आणि तुटपुंजा पगार असलेली टंकलेखिका शर्ली, जागा परवडत नाही म्हणून गावाबाहेरचा जुना दगडी गोठा भाड्याने मागते. मालकाचा मुलगा तो तिला न कळवता हळूहळू राहण्याजोगा करून देतो. शंभरावर कादंबऱ्या लिहिलेल्या या बाईंची जुनी पुस्तकं आता स्वामित्व हक्कातून मोकळी झाली आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. नुकताच नवरा गेलेल्या बाईला 'लव्ह कम्स सॉफ्टली' देऊ नका, पहिल्याच पानांत मूठमाती आहे. आणि 'संस्कारक्षम', 'बोधप्रद' हे शब्द तोंडातून काढू नका. ते ऐकले की चांगलं पुस्तकही माणूस टेबलावर ठेवून देतो. गोष्ट कुठे अडते तेवढं सांगा आणि गप्प बसा.

मंडळाची पहिली बैठक कादंबरीवर घेऊच नका. बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्या, मराठीतून, सगळ्यांसमोर वाचून. चारच अध्याय आहेत, अर्ध्या तासाच्या आत होतं. ही मुळात सासू-सुनेची गोष्ट आहे. नवरा गेलेली परदेशी सून सासूला सोडून माहेरी जात नाही, 'तुमचा देव तो माझा देव' म्हणते, आणि परक्या गावात कापणीमागे शेतात सरवा वेचते. ज्याच्या शेतात वेचते त्या बवाजशी पुढे तिचं लग्न होतं, आणि मत्तयच्या वंशावळीत हा बवाज वर सांगितलेल्या राहाबचाच मुलगा आहे. तुमच्या त्या सभासदाला तेव्हाच विचारा, इथे श्रद्धेची किंमत कोणी मोजली? त्यांचं उत्तर काही का असेना, त्या बोलतील, आणि मंडळाला तेच हवं आहे. त्यानंतर 'स्मृतिचित्रे', मग इंग्रजी वाचणाऱ्या एकीने 'ख्रिस्टी' वाचून प्रकरणाप्रकरणाने मराठीत सांगावी. 'रिडीमिंग लव्ह' सगळ्यात शेवटी, तीही बायका एकमेकींशी मोकळेपणाने बोलू लागल्यावर.

पुस्तकं विकत घेण्याआधी पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा चौकशी करा. आणि 'अ व्हॉइस इन द विंड' कोणाला देणार असाल तर तिचा दुसरा भाग 'ॲन एको इन द डार्कनेस' आधी हाताशी असू द्या. पहिला भाग ऐन आखाड्यातल्या प्रसंगावर थांबतो, आणि तिथे अडकलेली वाचक रात्री अकरालाही फोन करते.